साहेबांचे कप

बाबा,
मुलाखतीची पहिली फेरी पार! मूळ प्रमाणपत्रं न्यायला धावत आले. तुम्ही भरदुपारी गाढ झोपलेले, म्हणून उठवलं नाही. आता थेट मोठ्या बाईंशी गाठ आहे!

स्वयंपाकघरात साहेब होऊन तुम्ही विचारलेले सगळे प्रश्न आले. बोबडी अजिबात वळली नाही. घोळ शेवटी झाला. "या तुम्ही," मुलाखत घेणारे तिघं म्हणाले आणि मी घरच्या सवयीने त्यांचे चहाचे कप उचलून चालू लागले! तिघंही पोट धरून हसले.

त्यांना अनुभवी माणसंही हवी आहेत, दारावरच लिहिलंय. तुमचा ऑफिसचा निळा शर्ट काढून ठेवलाय. दाढी करा.

संध्याकाळी साहेब मी. दार वाजवून आत यायचं, आणि "बसा" म्हटल्याशिवाय बसायचं नाही!

तुमची भवानी