पर्‍याच्या मानेतली गोळी

१४ डिसें.
आजची ठळक घटना: पेनहरण. अपहर्ता, मानेचे सर्जन. मी, तालुका वार्ताहर, वॉर्डाच्या व्हरांड्यात निःशस्त्र. हे पेन्सिलीने लिहितोय.
त्याच पेनाने त्यांनी माझ्याच पेपरच्या समासात मणके काढून दाखवले. पहिल्याला पृथ्वी पेलणाऱ्या ग्रीक वीराचं नाव. आपल्याकडे हे खातं शेषाकडे. माझ्या धाकट्या भावाचा, पर्‍याचा, दुसरा फुटलाय. परवा उजाडताना शेजारच्या वावरातल्या गुणवंताने डुकरांवर बार काढला, तो पर्‍याच्या मानेत.
उद्या मागून स्क्रू, सळ्या टाकून मान जोडणार.
"अन् गोळी?"
"ती पुढे, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला चिकटून. राहू द्यायची."
राहू द्यायची! भाडेकरू आहे?

१५ डिसें.
झालं ऑपरेशन. संध्याकाळी पर्‍याने बोटं हलवली. बाहेर येऊन रडलो.
मग पोलीस जमादार आले. गुणवंताचा जबाब: बार हवेत काढला, गोळी माझी नव्हेच. "गोळी हाती आली तं केस उभी राह्यते सर. नाई तं कठीण हाय."
मला ती गोळी हवी. बाटलीत, सीलबंद. आणि गुणवंता पिंजऱ्यात.

१७ डिसें.
गुणवंता डबा घेऊन दारात. डोळे जमिनीवर.
"दादा, पर्‍यासाठी खिचडी आणली. पातळ हाय."
"तू वाढलं तेवढं पुरे झालं त्याले."
गेला. डबा बाकावर ठेवून. खिचडी मी कुत्र्याला घातली.
क्षमा हा शब्द पाठशाळेत सगळ्या विभक्तींत चालवलाय. आज एकाही विभक्तीत चालेना.

१८ डिसें.
राऊंडला सर्जन: "आणताना मान कोणी धरली होती? जरा हलली असती तर हातपाय गेले असते. श्वाससुद्धा."
पर्‍या बोलला, "गुणवंत्यानं. कारंजापासून इथंलोक, दोन गुडघ्यांत. हालला नाई. दादा, तू त्याले काऊन शिव्या देऊन राह्यला?"
त्यांना इथे आणणाऱ्या पिकअपवाल्याने मला पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं. बातमीत घेतलं नाही. जागा नव्हती म्हणे. कोण म्हणे? मीच.
तरी, गोळी त्याचीच. जबाब खोटाच.

२० डिसें.
गोळी काढता येईल का, म्हणून नागपूरच्या एका सर्जनला मानेचे फोटो दाखवून आलो. "जोखीम मोठी आहे. कुटुंबाचा आग्रहच असेल तर प्रयत्न करू." संमतीचा फॉर्म दिला.
इथले सर्जन ऐकून म्हणाले, "मी माझ्या भावाची काढली नसती."
पर्‍याला विचारलं. "तू म्हणशील तं काढू. मले काय समजते? तू शिकेल माणूस."

२१ डिसें.
पेन परत आलं. "सॉरी, माझ्याच खिशात राहिलं." फॉर्म भरायला पेन नाही, ही सबब संपली.
फॉर्म घडी करून वहीत आहे. पर्‍याचा हात अजून पेन धरत नाही. अंगठा उठवील, मी म्हणालो तर. गुणवंता खाली गेटजवळ बसलाय, आजही डबा घेऊन.
दुसरं कुणाला सांगणार नाही म्हणून इथे लिहितो. पर्‍या डोळे मिटून माझ्यावर विसंबलाय, आणि मला त्याच्या मानेपेक्षा ती गोळी जास्त हवी आहे. याची भीती वाटते.