सोपटाने बांधलेली तार

आबा,

आधी काय घडलं ते क्रमाने लिहिते. मत नंतर.

१. धाकट्याने आपली पिकअप विकायला काढली आहे. नवा टेम्पो घेतल्यापासून ती खळ्यातच उभी असते.
२. शुक्रवारी पारोळ्याहून गिऱ्हाईक आलं. गाडी चांगली दिसावी म्हणून धाकट्याने ती बॉनेट उघडून आतूनबाहेरून धुतली होती.
३. इंजिन सुरू झालं. तेलाचा लाल दिवा लागला आणि विझला नाही.
४. गिऱ्हाईक म्हणालं, दिवा विझवा, बुधवारी घेऊन जातो.
५. धाकट्याने मला जळगावहून बोलावून घेतलं. मी तेलाचा दाब मोजला. दाब बरोबर आहे.
६. इंजिनाकडून दिव्याकडे जाणारी तार एका लोखंडी पट्टीला केळीच्या सोपटाने बांधलेली आढळली. गाठ सोडली. दिवा विझला.
७. त्या जागी तारेचं आवरण बोटभर सोललेलं आहे.
८. मी गाठ होती तशी पुन्हा बांधली.

आठव्या मुद्द्याचं कारण असं की मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे, आणि तार दुरुस्त केली की तो विचारायला पुरावा उरणार नाही. तार तुम्ही मुद्दाम सोललीत का? दहा वर्षं मी एका गोष्टीचा दोष स्वतःकडे घेऊन बसले आहे. तुमचं उत्तर ‘हो’ असेल तर तो निम्मा होतो.

मी धुळ्याला डिप्लोमाला गेले त्या वर्षी हा दिवा पहिल्यांदा लागला. तोवर तुमची केळी जळगावला जायची. दिवा लागल्यावर तुम्ही जळगावच्या मिस्त्रीला गाडी दाखवली, त्याने दोन तास घेऊन काही दोष नाही असं सांगितलं, आणि तुम्ही घरी येऊन जाहीर केलंत की आता हे प्रकरण शिकलेल्या माणसाकडे न्यावं लागेल. शिकलेलं माणूस म्हणजे मी. माझं शिक्षण तेव्हा सात आठवड्यांचं होतं आणि त्यातले पाच आठवडे आम्ही कानशीने लोखंडाचा चौकोन घासत होतो. त्या शनिवारी तुम्ही केळी भरून धुळ्याचा बाजार गाठलात आणि बाजार आटोपून गाडी वसतिगृहाच्या फाटकाशी आणून लावलीत.

पालकांना महिन्याच्या पहिल्या रविवारीच भेटता येई. बाकी दिवशी रेक्टरबाईंच्या वहीत कारण लिहावं लागे. तुम्ही लिहिलंत, ‘गाडीचा दिवा’. बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि आजारपण, लग्न, मयत यांच्या खाली ते मान्य केलं. पुढच्या शनिवारी ‘दिवा’. त्याच्या पुढच्या शनिवारी ‘दिवा, परत’. दिवाळीनंतर बाई स्वतःच विचारू लागल्या, “काय आबा, आज कोणता दिवा?”

“तोच, बाई. दुसरा दिवा माले कोठे शे?”

मी बॉनेट उघडते. दिवा बंद असतो. नेहमीच बंद असतो. “येताना लागेल व्हता, माय,” तुम्ही सांगता, “अमळनेर लोंग लाल व्हता. तुले दखी विझना.” मी तुम्हाला सांगते की दिवा कोणाला बघून विझत नाही. तुम्ही मान डोलावता आणि सीटखालून डबा काढता. त्यात भरीत आणि कळण्याच्या भाकरी असतात. हे तुमचं वाटेतलं जेवण म्हणून आणलेलं असतं, पण वाटेत भूक लागलेली नसते. भाकरी नऊ असतात.

मी माझ्या परीने पद्धतशीर काम केलं. पहिल्या महिन्यात दिव्याचा बल्ब बदलला. दुसऱ्या महिन्यात दाबाचा स्विच. तिसऱ्या महिन्यात मी ठरवलं की तेलाच्या टाकीत गाळ असणार, आणि खालचा बोल्ट काढला. खाली भांडं ठेवायचं असतं हे पुस्तकात पुढच्या पानावर होतं. फाटकापासून तुळशीच्या कुंडीपर्यंत काळं तेल गेलं. रेक्टरबाई धावत आल्या. तुम्ही त्यांना शांतपणे म्हणालात, “पोर शिकी राहिनी, बाई. सांडल्याबिगर शिकता येस का?” मग बाई आत गेल्यावर तुम्ही माझ्याकडे वळलात आणि आवाज खाली घेऊन बोललात, “वाचानं ते बठ्ठं वाच. अर्ध वाचीसन हात लावू नको.” तुम्ही मला रागावल्याची ही एकच नोंद माझ्याकडे आहे. आज माझ्या हाताखाली सहा जण आहेत आणि त्या सगळ्यांना मी हे वाक्य ऐकवते, फक्त प्रमाण मराठीत.

दोष मला दुसऱ्या वर्षी, मार्चमध्ये सापडला. त्या दिवशी ऊन फार होतं. इंजिन तापलं म्हणून तुम्ही गाडीतल्या कॅनमधलं पाणी त्याच्यावर बाहेरून ओतलंत, आणि गाडी तापली असताना असं करू नका हे सांगायला मी तोंड उघडलं तेवढ्यात दिवा लागला. मी खाली वाकले. केळीच्या खोडाचं वाळकं सोपट, ज्याने आपल्याकडे घड, फाटक, वासरू आणि वेळ आली तर पायजमाही बांधतात, त्याने तुम्ही इंजिनाची तार बांधली होती. पीळ दिलेलं सोपट ओलं झालं की आवळतं, वाळलं की सैल पडतं. आवळलं की तार पट्टीला टेकते, आणि ही तार लोखंडाला टेकली की तेल असो वा नसो, दिवा लागतो. तुम्ही रोज सकाळी पूजेआधी गाडी धुता. घरून निघताना दिवा लाल. ऐंशी किलोमीटर इंजिनाच्या धगीने सोपट वाळतं. धुळ्याला दिवा बंद. दीड वर्षाचं कोडं मला उभ्या उभ्या सुटलं. दुरुस्तीला लागणारं साहित्य, चिकटपट्टी दोन इंच. वेळ, पाच मिनिटं.

मी बॉनेट लावलं आणि म्हणाले, “नक्की सांगता येत नाही. पुढच्या शनिवारी परत आणा. निरीक्षण करावं लागेल.”

“आनस,” तुम्ही म्हणालात. “निरीक्षण ते करनंच पडई.”

असं आणखी सव्वा वर्ष चाललं. निकाल लागल्यानंतर आठव्या महिन्यात तुम्ही गेलात. डॉक्टरांनी तुम्हाला लांबवर गाडी चालवू नका असं आधीच बजावलं होतं, हे मला दहाव्याच्या दिवशी आईने सांगितलं. तेव्हापासून माझा हिशोब साधा आहे. पाच मिनिटांचं काम मी केलं नाही, आणि तुम्ही दर शनिवारी एकशेसाठ किलोमीटर गाडी हाकत राहिलात.

आता शनिवारची गोष्ट, म्हणजे कालची. मी गाठीला हात लावला तसा धाकटा ओरडला, “अक्का, ती दोरी सोडू नको!”

“का?”

“आबांनी सांगेल शे. दर दसऱ्याले नवी बांधजो, असंच बांधजो, जागा बदलू नको.”

“का ते विचारलंस?”

“आबांले का असं कोन इचारस?”

तेवढ्यात आई हळदकुंकवाची वाटी घेऊन आली, कारण गाठ सुटणार म्हणजे काही तरी करायला हवं. नीट बघितलं तर त्या पट्टीवर कुंकवाचे थर आहेत. दर दसऱ्याला एक. आबा, आपल्या घराने दहा वर्षं एका शॉर्टसर्किटची पूजा केली आहे. मी तसं स्पष्ट सांगितलं. आई म्हणाली, “मंग? गाडीले काही झालं का आजलोंग?” मी गाठ सोडली.

गाठ सुटल्यावर मला तारेची सोललेली जागा पहिल्यांदा दिसली. दुसऱ्या वर्षी मी गाठ सोडलीच नव्हती. घासून गेलेलं आवरण खडबडीत आणि कमीजास्त असतं. हे दोन्ही टोकांना सरळ कापलेलं आहे, घड कापायच्या विळ्याने कापल्यासारखं, आणि उघडी बाजू बरोबर पट्टीकडे आहे. तरीही एक शक्यता उरते. तुम्ही मिस्त्रीचं बघून तारेला जोड द्यायला घेतला असेल, ते जमलं नसेल, आणि आपल्या सवयीप्रमाणे सोपट गुंडाळून मोकळे झाला असाल. दर दसऱ्याला नवं बांध, हे सोपट कुजतं म्हणूनही सांगितलं असेल. दोन्ही बाजू मी मांडल्या आहेत. पुराव्यावरून निर्णय देता येत नाही. मी हे कोणाही साहेबासमोर असंच लिहीन.

पण साहेबासमोर पुढचं लिहिणार नाही, आणि म्हणून हे पत्र टपालातही पडणार नाही. तुम्ही साधारण अकराला यायचात. मी पावणेअकरापासून फाटकाशी उभी असायचे. कोणी विचारलं तर सांगायचे की पोस्टाची पेटी उघडली का ते बघायला आले. पोस्टाची पेटी मागच्या दाराला होती.

बुधवारी सकाळी गिऱ्हाईक येण्याआधी मी सोपट काढून तारेला चिकटपट्टी लावणार आहे. तरी कृपया मंगळवार संध्याकाळपर्यंत कळवावं.