फोटो स्पष्ट होता

शेगाव,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

प्रिय करिष्माताई,
सप्रेम जयभीम.

घरी सगळे बरे असतील. मी बरी आहे. सहदेव भाऊजींनी थर्मासमध्ये बर्फ घालून आणलेलं तुझं रक्त माझ्या लॅबमध्ये नीट पोचलं. पांढऱ्या पेशी ५,८००, हिमोग्लोबिन १०.४, प्लेटलेट दोन लाख दहा हजार. निर्णय डॉक्टरांचा, पण सोमवारचं केमो पुढे ढकलावं असं मला यात काही दिसत नाही. मशीनवर दोनदा लावलं. एकदा पुरलं असतं.

भाऊजी समोरच्या टपरीवर चहा घेत आहेत. रिपोर्टच्या पाकिटात हे पत्र घालते. फोनवर लिहिलेलं मी पुसून टाकते. तीन महिन्यांत बरंच पुसलं.

माझं म्हणशील तर मागच्या आठवड्यात तपासणी झाली, काही निघालं नाही. नवे केस कुरळे आलेत. मार्चमध्ये महिला मेळाव्यात 'कॅन्सरवर मात' म्हणून मला शाल दिली. मी कसली मात केली? औषध लागू पडलं, एवढंच. रोज सकाळी दात घासायच्या आधी मी मानेच्या दोन्ही बाजू चाचपते, मग काखा. आई स्वयंपाकघरातून पाहते आणि भांडी जोरात आपटते. आमच्याकडे त्या आजाराला 'ते' म्हणतात.

अकोल्याच्या वॉर्डात त्याचं नाव घेता यायचं. तुझा स्तनाचा, माझा मानेच्या गाठीचा, आणि पलंग शेजारी. मी सलाईनच्या वेळा वहीत लिहायचे, तेव्हा तू म्हणायचीस, "काऊन वं मयुरी, थेंब मोजून राह्यली काय? एखादा कमी भरला त सिस्टरसंग भांडशीन?" आख्खा वॉर्ड हसायचा. तसं मी नंतर कुठे हसले नाही.

ऑगस्टमध्ये नवा रिपोर्ट हातात आल्या-आल्या तू मला फोटो पाठवलास. "तू लॅबवाली, पाहून सांग वं माय." मी उत्तर दिलं, फोटो नीट दिसत नाही. तू कागद अंगणात उन्हात धरून आणखी तीन पाठवलेस. ते मी उघडले नाहीत. तुझे फोनही घेतले नाहीत. कामात होते असं नंतर कळवलं.

पहिलाच फोटो स्पष्ट होता, ताई. आजार परत आल्याचं चौथ्या ओळीत लिहिलेलं होतं. ते वाचलं आणि माझा हात स्वतःच्या मानेकडे गेला. तुझा विचार त्यानंतर आला. शेजारच्या पलंगावरचीला परत झालं म्हणून मला होत नाही, हे मी शिकलेली आहे. तरी तुझा आवाज ऐकायची हिंमत झाली नाही.

आज भाऊजींनी नळी काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "हे तरी बराबर दिसते ना तुले?"

मी नळीवरचं तुझं नाव वहीत उतरवलं. तेच पुढे म्हणाले, "थे म्हणे, मयुरी सांगीन, मंग जाऊ डाक्टरकडे. एकोणीस दिवस वाट पाह्यली तिनं तुई."

"मंग इतक्या दूर माह्याकडे काऊन आणलं?"

"मी कायले आणतो? तिनंच धाडलं. म्हणे, मयुरीच्याच हातून होऊ द्या."

त्या एकोणीस दिवसांनी किती फरक पडला, हे मला सांगता येत नाही. पडला नाही, असं मी म्हणणार नाही.

सोमवारी मी रजा टाकली आहे. सकाळच्या गाडीने अकोल्याला येते. आत बोलावलंस तर तुझी सगळी फाईल पहिल्या पानापासून वाचून सांगेन, जे लिहिलं असेल ते. बोलावलं नाहीस तर बाहेर बाकावर बसेन. तुझं केमो संपेपर्यंत तिथेच असेन.

मला भीती वाटते, ताई. तरी येते.

उशिरा निघालेली,
मयुरी