बाजाराच्या दिवशी येतो आहोत

जळगाव

माय, पाया पडते.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. वहिनी आता नीट जेवते का?

विद्यापीठाने आमच्या टीमला आपल्याच आरोग्य केंद्राचं काम तपासायला दिलं आहे. वहिनी पायरीवर कळा सोसत होती आणि डॉक्टर कुलूप लावून लग्नाला गेले होते, बाळ गेलं, तेच केंद्र. पाहणी असली की डॉक्टर पढवलेल्या बाया पुढे बसवतात. म्हणून आम्ही डॉक्टरांना न कळवता बाजाराच्या दिवशी येऊ. तेव्हा गावातल्या सगळ्या बाया साक्रीच्या बाजारात भेटतात.

घरच्यांना मी विचारायचं नाही, असा नियम आहे. माझ्यासोबतची मयुरी विचारेल. तिला सगळं सांग.

तू म्हणशील, ‘जाऊ दे, देव बठ्ठं देखस.’ बघतो सगळं, माय. पण त्याचा अहवाल वरच राहतो. आमचा जिल्ह्याला जातो.

तुझी दिपमाला