नऊ विजयांचा माणूस आणि चुकलेलं अंगण

हार्लो फोर्ड, गुरुवार

तीर्थस्वरूप हॉलिस मामांस,

कॉर्बिनचा शिरसाष्टांग नमस्कार. अक्षर वाकडंतिकडं आलंय ते गोड मानून घ्या. उजव्या हाताचा अंगठा सुजून वांग्यासारखा झालाय, त्याचं कारण ओघात येईलच. तुमची तब्येत कशी आहे? पाठ काय म्हणते? मामींचा खोकला गेला का? तुमच्या कुत्र्याने टपालवाल्याला पुन्हा धरलं का? आणि तुमचं विमान कसं आहे? (विमानाची चौकशी आपली सहजच. भाच्याने मामाच्या विमानाची विचारपूस करू नये असं थोडंच आहे?) कापूस वेचून झाला असेल, म्हणजे फवारणी संपली, म्हणजे ते बिचारं शेडमध्ये नुसतंच उभं असणार. उभ्या विमानाला गंज लवकर धरतो असं ऐकलंय.

आम्ही इकडे ठीक. आई ठीक. मी ठीक नाही.

आपल्या कॉलेजचा शनिवारचा फुटबॉलचा सामना तुम्ही रेडिओवर ऐकला असेलच, तरी मला पुन्हा सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही. कोल्फॅक्स कॉलेजशी आपण चार गुणांनी मागे, घड्याळात जेमतेम दोन मिनिटं, आणि चेंडू त्यांच्या रेषेपासून तीन यार्डांवर. तीन यार्ड, मामा! आमच्या टायरच्या दुकानाचा मालक, ज्याला खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागतात, तोसुद्धा चेंडू छातीशी धरून तीन यार्ड घुसला असता आणि सहा गुण घेऊन आला असता. आणि आपल्या प्रशिक्षकाने, टॅकेटने, काय करावं? लाथ मारणाऱ्या गड्याला आत बोलावलं आणि तीन गुण पदरात पाडून घेतले. चार गुणांनी मागे असताना! का, तर चेंडू परत मिळेल, मग बघू. चेंडू परत मिळाला नाही. आपण एका गुणाने हरलो. नंतर हा माणूस टोपी काढून पत्रकारांना सांगतो, 'पोरं चांगली खेळली.' चांगली! या एका शब्दाने माझं आयुष्य नासवलंय.

तुम्हीच बघा. वाईट प्रशिक्षकाचं एक बरं असतं, त्याला शिव्या घालून मोकळं होता येतं. थोर प्रशिक्षकाची मिरवणूक काढता येते. पण हा दरवर्षी नऊ जिंकतो, तीन हरतो, आणि त्या तीनांत कोल्फॅक्स असतंच. याचं करायचं काय? (मी कॉलेज सोडलं तेही याच पायी, आईने तुम्हाला काहीही सांगितलं असो. संख्याशास्त्राच्या तासाला प्राध्यापक फळ्यावर गणित मांडून म्हणाले की आपल्या कॉलेजच्या मानाने नऊ विजय म्हणजे खरं तर एक जास्तच आहे. मी डोक्यात राख घालून उठलो, दार आपटलं, ते नेमकं झाडूच्या कपाटाचं निघालं, तिथून पुन्हा वर्गातूनच बाहेर जावं लागलं. त्यानंतर कोणत्या तोंडाने परत जाणार?)

तर रविवारी मी आपल्या रिवाजाप्रमाणे वागायचं ठरवलं. प्रशिक्षक नकोसा झाला की त्याच्या अंगणात 'घर विकणे आहे'ची पाटी ठोकायची, ही काही मी काढलेली टूम नाही. तुम्ही स्वतः तरुणपणी एकाच हंगामात तीन पाट्या ठोकल्या होत्या, आई अजून कौतुकाने सांगते. नाक्यावरच्या रिकाम्या घरापुढची पाटी मी उसनी आणली आणि सगळं गाव प्रार्थनेला चर्चमध्ये असताना मॅग्नोलिया गल्लीत शिरलो. टॅकेटचं घर मी पाहिलेलं नव्हतं, पण खूण पक्की ठाऊक होती: अंगणात आपल्या संघाचं बोधचिन्ह, सिमेंटचं निळं पाणमांजर. पाणमांजर दिसलं. मी पाटी रोवली आणि हातोडी उगारली. आता मला सांगा, शेजाऱ्यानेही हौसेने तसंच पाणमांजर आणून बसवलं असेल, हे माणसाला कसं कळावं?

दोनच घाव घातले असतील, तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला, "ए बाळा, त्या हातोडीने नाही जायचं ते. तिथली जमीन कडक आहे." बघतो तर टॅकेट! बनियनवर, हातात चहाचा पेला, सर्दी झाली म्हणून चर्चला दांडी मारलेला. मी हातोडी पाठीमागे लपवली. आणि हा गृहस्थ आत जाऊन मोठा लाकडी हातोडा घेऊन आला, कुंपणावरून माझ्या हातात दिला आणि विचारतो, "प्रुइट मंडळी घर विकतायत? मला बोलले नाहीत."

प्रुइट. मामा, तुम्हाला ठाऊक नाही, पण हे आडनाव मी रोज झोपताना मनात घोळवतो. कॉलेजच्या बँडमध्ये सगळ्यात मोठा पितळी भोंगा वाजवते ती मेरिबेथ प्रुइट. भोंग्याच्या आडून नुसते तिचे डोळे दिसतात, तेवढ्यावर मी वसंतापासून जगतोय. तिचे वडील दातांचे डॉक्टर. कॉलेज सोडलेला पोरगा त्यांना दारात नको, म्हणून फिरून परतताना मी तिला नेहमी गल्लीच्या तोंडाशीच सोडत आलो. घर कोणतं ते विचारायचं राहूनच गेलं. तर ते हे घर.

पाटी उपटून पळावं तर टॅकेट समोर उभा. "तिरकी आहे," तो म्हणाला. "गुडघे वाकव. खांद्यातून नको, कमरेतून मार. नजर खुंटीवर. शाब्बास! पुन्हा." मी पुन्हा मारला. मामा, खोटं कशाला बोलू, माणूस शिकवतो छान. मला उभ्या आयुष्यात कुणी इतक्या निगुतीने काही शिकवलेलं नाही. पाटी अशी ओळंब्यात बसली की गावात तशी दुसरी नसेल. मग चहा पीत तो म्हणाला, "चांगले शेजारी होते रे. आता इथे कुणी त्यांच्याहून चांगलं येईलच असं थोडंच आहे?" उजवा हात भरून आला म्हणून शेवटचा घाव मी डाव्या हाताने घालत होतो, तो तेव्हाच अंगठ्यावर हाणून घेतला.

तेवढ्यात प्रुइटांची गाडी आली. आता कुणीही समजेल की डॉक्टर माझ्यावर धावून आले असतील. तसं झालं असतं तर मी सुटलो असतो. पण आधी बाई उतरल्या. समुद्राकाठी बहिणीजवळ राहायला जाऊ या म्हणून त्या किती वर्षं नवऱ्याच्या मागे लागल्या होत्या, देव जाणे. त्यांनी पाटी पाहिली, हातातली पर्स टाकली आणि सगळ्या गल्लीदेखत नवऱ्याच्या गळ्यात पडून रडायलाच लागल्या, "अहो, मला न सांगता! किती गुणाचे हो तुम्ही!" डॉक्टरांनी पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, "हो. म्हणजे, तुला आवडेल असं वाटलं." मंगळवारी गिऱ्हाईक घर बघून गेलं. बाईंनी त्याला पीच फळांचा केक खाऊ घातला. काल सौदा ठरला.

पण मेरिबेथ फसणाऱ्यांतली नाही. तिने माझा अंगठा पाहिला, दोन घरांची दोन पाणमांजरं पाहिली, आणि तिला सगळा उलगडा झाला. टॅकेट आत गेल्यावर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "त्यांच्यासाठी आणली होतीस ना रे पाटी?" मी म्हटलं, "हो, पण मेरिबेथ, तीन यार्ड!" ती म्हणाली, "कॉर्बिन, ज्याला नऊ विजय पुरत नाहीत, त्याला मी किती दिवस पुरणार? मी काही गावातली सगळ्यात सुंदर मुलगी नाही. बँडमध्येसुद्धा माझा नंबर तिसरा. आज ना उद्या तू माझ्याही अंगणात पाटी ठोकशील. आणि बघ, ठोकलीसही." एवढं बोलून आत गेली. दार आपटलंसुद्धा नाही, मामा. हलकेच लावून घेतलं. मी दारं आपटणारा माणूस, मला हलकेच लावलेल्या दाराचं काय करायचं ते समजतच नाही.

तेव्हापासून जिवाला थारा नाही. दुकानात ट्रकचं चाक मोटारीला बसवायला गेलो. उकडलेल्या शेंगांची पिशवी घेतो आणि न खाताच कुणाला तरी देऊन टाकतो. वाटतं, ती म्हणते ते खरं आहे. खालच्या खोऱ्यातल्या त्या कॉलेजने काय केलं आठवतं ना? नऊ विजयांच्या माणसाला हाकललं, वाजतगाजत नवा आणला, आणि आता दोन वर्षं त्यांचे लोक सामन्याला डोक्यावर कागदी पिशव्या घालून येतात, तोंड दिसू नये म्हणून. चांगला माणूस काढून टाकणं सोपं असतं, त्याच्या जागी थोर माणूस झाडाला लागत नाही. हे पटतं. मग जेवायला बसतो, आई मक्याचा पाव पुढे ठेवते, आणि पहिल्या घासालाच ते तीन यार्ड आठवतात. तीन यार्ड, मामा! घास उतरत नाही. मग वाटतं, माणसाने चांगल्यावरच समाधान मानायचं ठरवलं तर कोल्फॅक्सला हरवणार कोण? आणि मग आणखी वाईट विचार येतो. मेरिबेथच्या हिशेबात मी कोण? नऊ विजयांचासुद्धा नाही. फार तर पाच. तिने मला काढलं तर तिला कुणी नावं ठेवील का?

हंगाम संपला की कॉलेजची विश्वस्त मंडळी बसून टॅकेट सरांचा निकाल लावणार आहेत. (हो, आता 'सर' म्हणतो. ज्याने हातोडा मारायला शिकवलं त्याला एकेरी कसं हाक मारायचं?) त्यांना ठेवावं असं माझं आज सकाळपासून ठाम मत झालंय. दुपारी जरा डळमळलं होतं, आता पुन्हा ठाम आहे.

मामींना नमस्कार, कुत्र्याला थाप. मोठ्यांच्या आशीर्वादाचा भुकेला,

आपला भाचा,
कॉर्बिन

ता. क. विमानावरून आठवलं. शेंगांच्या जत्रेत तुम्ही विमानाच्या शेपटीला त्या खानावळीची लांबलचक जाहिरात बांधून उडवली होती, ते कापड अजून आहे का? पुढच्या आठवड्यात शनिवारी सामना घरच्या मैदानावर आहे. मध्यंतरात बँड मैदानात उतरतो. नेमक्या त्याच वेळी तुम्ही वरून एक चक्कर मारलीत, आणि कापडावर मोठ्या अक्षरांत 'टॅकेट सरांना राहू द्या' असं असलं, तर ते एका भोंग्याआडच्या दोन डोळ्यांना नक्की दिसेल. खाली बारीक अक्षरांत 'कॉर्बिन' घातलंत तरी चालेल. बारीक म्हणजे अगदीच बारीक नको.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच मेरिबेथ दुकानात आली. टायरचं निमित्त होतं, पण टायर धडधाकट निघाला. म्हणाली, "आई स्वयंपाकघरात गाणी म्हणते हल्ली. मी लहान होते तेव्हा म्हणायची." मग बराच वेळ हवा भरायच्या नळीशी खेळत राहिली. आईवडील समुद्राकाठी जाणार, ती कॉलेजच्या वसतिगृहात राहणार. माझं काय, असं विचारलं तर म्हणाली, "हंगाम संपेपर्यंत बघू." मामा, म्हणजे टॅकेट सर आणि मी आता एकाच बाकावर बसलो आहोत! पण तुमच्या चकरेवाचून माझं काही खरं नाही, तेव्हा यायचंच.

ता. क. ३. कापडाला दोन बाजू असतात हे लक्षात आलं. समजा शनिवारी शेवटच्या मिनिटांत सरांनी पुन्हा रेषेजवळ लाथ मारणारा गडी बोलावलाच, तर बँड बाकांवर बसून वर बघत नसताना तुम्हाला विमान वळवता येईल का? मागच्या बाजूला 'टॅकेटला हाकला' एवढंच पुरे. त्याखाली माझं नाव नको.

ता. क. ४. नाही. मागची बाजू कोरी ठेवा. माझं मत ठाम आहे.

रंगाचा डबा मात्र विमानात असू द्या.