यादीतला आठवा नंबर

१७ ऑगस्ट, रविवार

महेशने इलेक्ट्रिक गाडी बुक केली! सकाळी सकाळी फोन, मी दाढी करत असताना. "साडूभाऊ, वरचं सगळं छत काचेचं आहे!" घ्या. एप्रिल-मेमध्ये त्याच काचेखाली पापड वाळवा म्हणावं. असं बोललो नाही. "अरे वा, अभिनंदन" म्हणालो आणि गाल कापून घेतला.

आता दिवाळीत नांदगावला सासऱ्यांच्या दारात तो काचेच्या गाडीतून उतरणार, आणि मी अकरा वर्षांच्या डिझेलमधून, धूर सोडत. गाड्यांच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं रंग मारणारा माणूस मी! सासरे विचारणारच, "हिरामणराव, तुमच्याकडं नाय का बनत तशी?" बनते. आमच्या इथे नाही, दुसऱ्या प्लांटला, पण आपलीच. मीही बुक केलीय, निळी. फक्त दिवाळीआधी यायला हवी.

वहीच्या मागच्या पानावर तक्ता केलाय. कंपन्यांची नावं लिहीत नाही, वही कुणाच्या हाती पडायची. आपली, समोरच्यांची आणि महेशची, एवढं पुरे. एका चार्जिंगमध्ये किती जाते, पोट जमिनीपासून किती उंच, डिकी, बॅटरीची गॅरंटी, वेटिंग. उंचीत आपली पुढे. डिकीत महेशची. वेटिंग समोरच्यांकडे सगळ्यात कमी. मनीषा म्हणाली, "आपल्या निकिताचं स्थळ बघताना एवढी चौकशी करा म्हणजे झालं."

२० ऑगस्ट, बुधवार

नोटीस बोर्डवर यादी लागली. कामगारांच्या कोट्यात पहिला लॉट आठ गाड्यांचा, दिवाळीआधी. दुसरा कधी, देव जाणे.

मी नववा!

आठवा दत्तू. ट्रिम लाईनचा. चौतीस वर्षं लोकांच्या गाड्यांत सीट बसवतोय, स्वतःच्या दारात जुनी मोटरसायकल. एकतीस ऑक्टोबरला रिटायर होतोय. कोटा नोकरीत असेपर्यंतच, म्हणून त्याची घाई.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

दत्तू देवळाली कॅम्पला कंपनीच्या बसमध्ये चढतो आणि जेलरोडला मी चढेपर्यंत माझी जागा धरून ठेवतो. खिडकीची. एकवीस वर्षं.

आज सारखं गाडीचंच. आमच्यात रिटायर होणाऱ्याला हार घालून, गाडी सजवून, ढोल-ताशा लावून खात्यातले लोक घरी पोचवतात. त्या एका दिवशी घरच्यांना आत येऊ देतात. "कुसाबाईनं गेटाच्या आत पाय नाय ठेवला कधी," दत्तू बायकोबद्दल म्हणाला. "तिचे गुडघे गेलेत, चालवत नाय. आपल्या गाडीत बसवून थेट लाईनपर्यंत आणतो. म्हणतो, बघ, हितं गेलं माझं आयुष्य. आन् तशीच घरी."

मग म्हणाला, "तुझा तक्ता झालाय ना? तू सांगशील ती फायनल. मला त्यातलं काय कळतंय!"

सोमवारी सांगतो म्हटलं.

२५ ऑगस्ट, सोमवार

सांगितलं.

समोरच्यांची घे, म्हणालो. आपल्या गाडीचा पहिलाच लॉट आहे, भरवसा नाही. त्यांची लवकर मिळेल. डिकी मोठी. सर्व्हिस चांगली. एकेक बोट मोडत सांगितलं. तोंड आपलं चालतच राहिलं.

खरं काय? दत्तूच्या घराकडच्या खडबडीत रस्त्याला पोट उंच असलेली आपलीच बरी. वहीत माझ्याच अक्षरात लिहिलंय. वर दोनदा अधोरेखित.

"बरं," म्हणाला. एक प्रश्न नाही! जेवणाच्या सुट्टीत जाऊन बुकिंग कॅन्सल करून आला आणि येताना माझ्यासाठी चहा घेऊन आला. तो चहा मी प्यालो.

२६ ऑगस्ट, मंगळवार

बोर्डवर आठव्या नंबरला माझं नाव.

३ सप्टेंबर, बुधवार

घरी गणपती आहेत. आरतीला उभा राहिलो आणि डोळे मिटवेनात. मनीषा म्हणाली, "तुमचं लक्ष कुठंय?" गाडीत, म्हणालो. ते काही खोटं नाही.

स्वतःशीच वकिली करतोय. दत्तूला गाडी मिळतेच आहे की! चार चाकं तिलाही आहेत. मी फक्त सल्ला दिला, घेणं न घेणं त्याच्या हातात. सल्ला चुकू शकतो, कुणाचाही.

पण माझा चुकला नव्हता. मी चुकवला.

१४ सप्टेंबर, रविवार

पितृपक्ष. या पंधरवड्यात गाडी आली तरी घरी कोण आणणार? तेवढीच विश्रांती.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. खात्यात मशीनची पूजा. दत्तूने आपल्या नट आवळायच्या यंत्राला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल अडकवलं आणि मला हाक मारून फोटो काढायला लावला. "शेवटची पूजा हिची माझ्या हातची. नीट काढ रे." तीन काढले. तिन्ही हलले.

१३ ऑक्टोबर, सोमवार

पहिला लॉट येऊन गेला! आठ गाड्या. सात जण पेढे वाटून मोकळे झाले, आणि आठवी घेऊन गेला यादीतला अकरावा, असेंब्लीचा सार्थक. मी आठवा, हात हलवत!

नक्की वशिला. तडक जाऊन कर्मचारी विक्रीच्या हर्षालीला जाब विचारणार होतो. तिच्या टेबलापर्यंत गेलोही. मग वाटलं, ही यादी काढेल. वर दत्तूचं खोडलेलं नाव दिसेल. "यांनी का हो कॅन्सल केली?" असं सहज विचारलं तर? पाणी पिऊन परत आलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

नांदगावला गेलो. डिझेलमधून. महेशची पण नाही आलेली! तो गंगापूर रोडवरून चक्क त्याच्या जुन्या गाडीतून आला. दोघे साडू ओट्यावर बसून आपापल्या न आलेल्या गाड्यांची तुलना करत होतो. सासरे म्हणाले, "बाजारात तुरी आन् भट भटणीला मारी!" सगळे हसले. मीही.

ज्यासाठी केलं ते असं. वर परतताना कळलं की सासऱ्यांना कोण कशातून आलं हे बघायचंच नव्हतं. त्यांना चष्मा सापडत नव्हता.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

दत्तूची गाडी आली. समोरच्यांची. बसमध्ये सगळ्यांना पेढे, मला दोन. "तुझ्यामुळं वेळेत भेटली. लय गुणाची हाय." कुसाबाईंनी गाडीचं औक्षण केलं आणि मग तासभर नुसत्या आत बसून राहिल्या, खाली उतरेनात, असं सांगून एकटाच हसत होता.

गाडीचं पोट एकदा घासलं म्हणाला, घराकडच्या चढाला. "होतं तसं नवीन असताना."



३१ ऑक्टोबर, शुक्रवार

हे लिहायलाच हवं.

आमच्या गेटला एक नियम आहे. दुसऱ्या कंपनीची गाडी आत घ्यायची नाही. मॅनेजरची असो, पाहुण्याची असो, बाहेर रस्त्यापलीकडे लावायची. सत्तावीस वर्षं तो बोर्ड मी रोज बघतोय. पण आम्ही बसने येणारी माणसं, बस थेट आत जाते. तो बोर्ड गाडीवाल्यांसाठी. दत्तूच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आईशप्पथ नाही. पण आलं असतं तर मी सांगितलं असतं का? ते मला ठाऊक नाही.

तीन वाजता त्याच्या पुतण्याने गाडी आणली. झेंडूच्या माळा, पुढे नारळ, मागच्या सीटवर कुसाबाई, हिरवी पैठणी, नथ. सिक्युरिटीवाल्याने हात आडवा केला. तोही बिचारा अवघडला. "काका, तुमच्यासाठी वाईट वाटतं. पण ही गाडी नाय सोडता येत आत. नोकरी जाईल माझी."

दत्तू आतून धावत आला. खातेप्रमुख यादव साहेबांना फोन झाला, त्यांनी वर विचारलं, वरून नकार आला. कंपनीची जीप देतो म्हणाले. कुसाबाई त्या उंच जीपमध्ये चढेनात, गुडघा वर जाईना. दोघांनी धरून बघितलं. मग त्यांनीच मान हलवली. "राहू द्या. म्या हितंच बसते. तुम्ही या जाऊन."

लाईन राहिली बघायची. चौतीस वर्षांत एक दिवस होता, तो गेला.

मग दत्तू हार घालून ट्रिम लाईनपासून गेटपर्यंत चालत आला. ढोल वाजत होता, पण कुणी नाचेना. मागून कुणीतरी म्हणालंच, "चौतीस वर्षं आपल्या गाडीत सीट बसवल्या आन् स्वतः बसला समोरच्यांच्या सीटवर." दत्तूने ऐकलं. कान लाल झाले त्याचे. यादव साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "दत्तू, कोटा होता की तुमचा! कोणी सांगितलं ही घ्यायला?"

मी त्याच्या शेजारी होतो. हातभर अंतरावर. त्याचा डबा आणि नारळ माझ्याच हातात होता.

"कोणी नाय, साहेब," दत्तू म्हणाला. "मनात भरली, घेतली."

माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. मला वाचवायचं म्हणून. आणि मी गप्प बसलो! तेव्हा तोंड चालत होतं, आज चाललं नाही.

गाडीत बसताना दत्तूने विचारलं, "जेलरोडला सोडू का तुला? बस गेली असंल." कुसाबाई सरकून जागा करत होत्या. "या ना भाऊजी."

काम आहे म्हणालो. पायी आलो नाक्यापर्यंत.

१ नोव्हेंबर, शनिवार

बसमध्ये खिडकीची जागा रिकामी होती. तिथे बसलो नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

मनीषाला सगळं सांगितलं. ती ज्वारीचं पीठ मळत होती. मळता मळता थांबली. वाटलं चिडेल. फक्त एवढंच म्हणाली, "मला कशाला सांगताय? मला काय केलंत?"

कॅम्पला दत्तूकडे जायला निघालो. स्टॉपवर दोन बस सोडल्या आणि घरी आलो. लाज वाटते. हे पानही कुणी वाचू नये असं वाटतं, आणि वाचलं तर सुटेन असंही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

हर्षालीचा फोन. "काका, आली बघा तुमची निळी! कधी नेताय?"

आज विचारलंच. माझा आठवा नंबर होता, मग दिवाळीआधी का नाही मिळाली? ती हसली. "नंबर नुसता बुकिंगचा हो. गाड्या प्लांटमधून रंगाप्रमाणे निघतात. पहिल्या लॉटला पांढऱ्या आणि काळ्याच होत्या. तुमचा पहिला नंबर असता ना, तरी निळी आजच आली असती."

आणि दत्तूची?

"त्यांची पांढरी होती ना? ती दहा तारखेलाच आली होती. कॅन्सल होती, म्हणून सार्थकला दिली."

एका रंगाच्या सगळ्या बॉड्या झाल्याशिवाय दुसऱ्या रंगाला हात लावायचा नाही, हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. सत्तावीस वर्षं शिकवतोय!

दत्तूचा नंबर काढून घेऊन माझी गाडी एक दिवससुद्धा लवकर आली नाही. त्याची मात्र गेली.

निळी राहू दे तिथेच. कॅम्पची बस धरतो. आज सोडणार नाही.