मागच्या पाइपाचं पाणी

आबा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि मी तुम्हाला आजवर एक ओळ लिहिलेली नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं. गावाकडून आलेली पत्रं आई वाचायची आणि तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. हे मात्र मी आईला वाचायला सांगणार नाही. सांगायचं तुम्हालाच आहे, कारण ज्या पाण्याबद्दल मला बोलायचंय त्यात तुम्ही उभं आयुष्य अनवाणी काढलंत.

मी नऊ वर्षांची असेन. थंडीचे दिवस, शाळेला सुट्टी. तुमचा डबा घरीच राहिला म्हणून आईने मला सुरतेच्या भेस्तानमधल्या आपल्या घरून तुमच्या कापड रंगवायच्या मिलकडे पिटाळलं. मिलच्या मागच्या बाजूने शिरले तर नालीतून वाफाळलेलं जांभळं पाणी खाडीकडे चाललेलं. मी चपला काढून त्यात पाय सोडून बसते. पाणी कोमट, पायांना बरं वाटतं. तेवढ्यात तुम्ही लुंगी वर खोचून धावत येता, सगळ्यांसमोर ओरडता, "काढ पाय! आठे येवानं नही, कितला डाव सांगू तुले?" मला उचलून आत नेलंत आणि पिण्याच्या माठातलं पाणी ओतून ओतून माझे पाय चोळलेत. अख्खा माठ रिकामा केलात. बाकीचे कामगार कुरकुरले, तरी तुम्ही थांबला नाहीत. मी रडत रडत विचारलं, तुम्ही पण तर त्याच पाण्यात उभे असता? तुम्ही म्हणालात, "माले चालस. तुले नही."

मी केमिस्ट्री घेतली तेव्हा तुम्ही रंगमास्तरांकडून न रंगवलेल्या कापडाचा तुकडा मागून आणला होता आणि गल्लीतल्या शिंप्याकडून माझा पांढरा कोट शिवून घेतला होता. पॉलिस्टरचा तो. उन्हाळ्यात अंगाला चिकटायचा, पण तीन वर्षं मी दुसरा घातला नाही. मला नोकरी लागली त्याच वर्षी तुमचं दुखणं निघालं. लघवी लाल होत होती आणि तुम्ही कितीतरी महिने कुणाला बोलला नाहीत. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, एवढे दिवस काय करत होता? तुम्ही साधेपणाने म्हणालात, मिलमध्ये लाल-मरून रंग चालू होता साहेब, मला वाटलं त्याचाच असेल. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

आता मी पलसाण्याच्या एका मिलमध्ये लॅब सांभाळते. महिन्याच्या महिन्याला पाण्याचा अहवाल माल घेणाऱ्या परदेशातल्या पार्टीला पाठवायचा, खाली सही माझी. यंदा पावसाळ्याआधी त्या पार्टीची दोन माणसं स्वतः आली होती. त्यांच्याकडे हे कापड फ्रॉक होऊन दुकानात लागतं आणि लोक ते चार-पाच वेळा घालून टाकून देतात, असं त्यांच्यातल्या बाईने मला हसत सांगितलं. भली बाई होती. पाणी साफ करायचा प्लांट तिने नीट पाहिला, बारीक प्रश्न विचारले, गेटजवळच्या झाडांखाली माझ्याबरोबर फोटो काढला. जेवणानंतर शेठच्या केबिनमध्ये मीही बसले होते. तिथे त्याच बाईने भाव मागच्या वर्षीपेक्षा खाली आणायला सांगितला आणि माल तीन आठवडे आधी मागितला. दुसऱ्या देशातले लोक याहून स्वस्तात द्यायला तयार आहेत, म्हणाली. शेठ हो म्हणाले. पुढच्या आठवड्यापासून खर्च वाचवायला प्लांट दुपारचा बंद राहू लागला आणि पाणी मागच्या पाइपाने थेट खाडीत जाऊ लागलं.

शेठ वाईट माणूस नाही, आबा. आईच्या मोतिबिंदूच्या वेळी त्यांनी न मागता गाडी पाठवली होती. मी एक बाटली प्लांटच्या साफ पाण्याच्या टाकीतून भरली आणि एक मागच्या पाइपाखाली धरली, ते त्यांनी पाहिलं. रागावले नाहीत. "बेन, टांकीनुं ज मोकलजो," म्हणाले, टाकीतलंच तेवढं पाठवा. "ओर्डर जशे तो आ बधा माणस क्यां जशे?" ऑर्डर गेली तर ही सगळी माणसं कुठे जातील, याचीच त्यांना काळजी. मी दोन्ही बाटल्यांचे आकडे पाठवले. पाठवल्यावर मनातून मी खूश होते. वाटलं, तुमच्यासाठी काहीतरी केलं.

आठ दिवसांत उत्तर आलं. आमच्या तत्त्वांत बसत नाही, म्हणून ऑर्डर रद्द. शेठने एक पाळी बंद केली. तुमच्या शेजारच्या मशीनवर काका असायचे ना, त्यांची मुलगी आमच्याकडे कापडाच्या घडी खात्यात होती. तिलाही घरी बसवलं. नवरा नाही, पदरात दोन मुली. ती एका संध्याकाळी आमच्या दारात आली. मी आत बोलावलं, ती आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "ताई, मी भांडायले नाही आले. एकच विचारते. पाणी साफ झालं का मग?"

तेच बघायला रविवारी मी खाडीवर गेले. आमचा पाइप कोरडा होता. पण खाडीत तोच गडद निळा रंग वाहत होता, वरच्या अंगाने येत होता. काठाकाठाने अर्धा तास चालले तर दुसऱ्या एका मिलची भिंत लागली. गेटवर आमच्याकडे येणारा टेम्पोवाला भेटला. त्यानेच सांगितलं, तुमच्या पार्टीचा माल आता इथे रंगतो, भाव आणखी कमी. पाण्याचं काहीच बदललं नव्हतं. फक्त काकांची मुलगी घरी बसली होती.

श्रावणात गल्लीत आपली खानदेशची देवी कानबाई बसली. दरवर्षी तिच्या नैवेद्याच्या रोटाचं दळण करायला पहिली हाक मला यायची. यंदा कुणी आलं नाही; बंद पाळीत गल्लीतली बरीच घरं होती. बायका ओट्यावर गात होत्या, मी खिडकी लावून स्वयंपाक केला. आईने विचारलं, तू का नाही गेलीस? डोकं दुखतंय म्हटलं.

दिवाळीनंतर त्या मिलने माल उशिरा दिला म्हणून पार्टी परत आमच्याकडे आली. निम्मी ऑर्डर, त्याच पडलेल्या भावात. पाळी सुरू झाली, काकांची मुलगी कामावर आली आणि दुपारी प्लांट पुन्हा बंद. गेल्या सोमवारी महिन्याचा अहवाल होता. मी टाकीतली एक बाटली भरली. मागे गेले नाही. आकडे लिहिले, सही केली, पाठवून दिलं.

हे पत्र कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही आणि माहीत असतं तरी पाठवलं नसतं. कुणी विचारलं तर मी सांगते, एवढ्या लोकांच्या पोटाचा प्रश्न होता. शेठला तेच सांगितलं, आईलाही तेच. ते खोटं नाही. पण सही करताना माझ्या डोळ्यासमोर त्यांच्यातलं कुणीच नव्हतं, आबा. गल्लीतल्या बायकांनी मला परत हाक मारावी, एवढंच मला हवं होतं.